शिकंज्याची राखीव किंमत

मित्रांनो, मी एक जुना शिकंजा आहे. पुस्तक बांधल्यावर खळ सुकेपर्यंत त्याला दोन लोखंडी पाट्यांमध्ये घट्ट दाबून धरतं, ते अवजड यंत्र म्हणजे मी. आयुष्यभर दुसऱ्यांना दाबलं, पण स्वभावाने मी पक्का भित्रा. हसू नका! माझा जन्म ओतशाळेतला. भट्टीचा तो लालभडक उजेड मी अजून विसरलेलो नाही. एकदा वितळून झालंय, पुन्हा नको रे बाबा.

चाळीस वर्षं मी एकाच मालकांकडे काढली. जाडजूड शब्दकोश, दवाखान्याची रजिस्टरं, शाळेचे नकाशे, सगळे माझ्यातून सरळ होऊन गेले. डोक्यावरच्या माझ्या चाकाला मालकांच्या अंगठ्याने खळगा पडला होता. "असा दाब नव्या मशीनला जमायचा नाही," असं ते गिऱ्हाइकाला सांगायचे, तेव्हा मी मनातून फुगायचो. पुढे मालकांचे गुडघे गेले, गिऱ्हाईक आटलं आणि माझ्यावर खळीचे रिकामे डबे येऊन बसले.

मग गाळा सोडायची तारीख ठरली. मालकांच्या लेकीने माझे फोटो काढले आणि मला ऑनलाइन लिलावात चढवलं.

"बाबा, राखीव किंमत किती टाकू? ती बोली लावणाऱ्यांना दिसत नाही. बोली तिच्याखाली राहिली, तर आपल्यावर द्यायची सक्ती नाही."

"याच्या लोखंडाचा भंगारात जो भाव येईल, त्याच्या जरा वर टाक."

"एवढीच? तुमचा जीव आहे ना याच्यावर?"

"माझा जीव गिऱ्हाइकाच्या गळ्यात कशाला? फार चढवली तर कुणी घेणार नाही आणि गाळा सोडताना हा भंगारातच जाईल. भंगारवाला लोखंडाच्या भावाच्या वर जात नसतो. त्याच्या वर जो जाईल, त्याला शिकंजाच हवा असेल."

केवढा दिलासा वाटला मला! पण दुसऱ्याच दिवशी एक भंगारवाला बघायला आला. माणूस वाईट नव्हता, डबेसुद्धा अलगद उतरवून ठेवले त्याने. मालक पाणी आणायला आत गेले, तसं त्याने किल्लीने माझं चाक खालून खरवडलं. काळ्या रंगाखालून पिवळंधमक पितळ चमकलं. तो गालात हसला आणि पाणी पिऊन गेला.

माझी तर बोबडीच वळली. पितळेचा हिरवा डाग कागदाला लागतो, म्हणून मालकांनीच मला विकत घेतल्यावर चाकाला काळा रंग दिला होता. दर वर्षी खळग्यासकट त्यावर नवा थर चढत गेला आणि ते स्वतःच विसरून गेले. पितळेचा भाव त्यांनी धरलाच नव्हता! आणि हे मी सांगू कसा?

लिलावाच्या शेवटच्या दुपारी लेक कॉम्प्युटर घेऊन माझ्याशेजारीच बसली. वह्या शिवून विकणारी एक मुलगी थोडं थोडं चढत होती. भंगारवाला दर वेळी तिच्या वरची बोली लावत होता. शेवटी मुलगी थांबली. पडद्यावर अजून 'राखीव किंमत गाठलेली नाही' असंच होतं.

"बाबा, राखीव किमतीला पोहोचतच आलो आपण! भंगारवाला अजून चढतोय!"

मालक दचकले. "अगं, लोखंडाचा भाव झाला की. मग तो का चढतोय?"

ते कसेबसे उठले. त्यांनी माझ्या अंगावरून हात फिरवला, चाकाखाली बोटं घातली. खरवडलेली जागा लागली तसा त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"वाढव! आधी किंमत वाढव! गाठली की मग बदलता येणार नाही!"

लेकीने आकडा बदलला आणि पुढच्याच क्षणाला भंगारवाल्याची नवी बोली आली. जुन्या किमतीच्या वर, नव्या किमतीच्या खाली. मग वेळ संपली. 'विक्री झाली नाही.'

वाचलो म्हणावं, तर गाळा सोडायला चारच दिवस उरले होते. मला दारात हातगाडीच दिसायला लागली. मग मालकांनी वह्यावाल्या मुलीला फोन लावला.

"काका, माझ्याकडे बोली लावली तेवढेच पैसे आहेत हो," ती म्हणाली.

"तेवढ्यातच घेऊन जा. चाक मात्र मी काढून घेईन. तू लोखंडाचं बसव."

चाक भंगारवाल्याला विकलं आणि मुलीच्या पैशांत पडलेली तूट भरून निघाली. ते पान्याने सैल करताना मालकांनी एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. मी मात्र भीतीने गार पडलो होतो.

आता मी वह्यावालीच्या खोलीत आहे. नवं चाक कुरकुरतं, पण रोज फिरतं. परवा मालक काठी टेकत आले. त्यांनी चाक धरलं आणि अंगठा सवयीने खळगा शोधू लागला. खळगा नव्हता. त्यांनी अंगठा तिथेच ठेवला आणि चाक अर्धा फेरा फिरवलं.

मित्रांनो, जुनी वस्तू विकायला काढाल, तेव्हा आकडा टाकण्याआधी तिच्या अंगावरून एकदा हात फिरवा. आम्हाला ओरडता येत नाही.