कानामागची पुळी

भिंतीपलीकडून आप्पांचं हसणं ऐकू आलं की ताईच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. जन्मभर मूर्ती घडवणारा हा माणूस सख्ख्या लेकीशी बोलताना शब्द मोजूनमापून वापरायचा, आणि सूनबाई मेण ओतायला बसली की ह्यांच्या गप्पांना नुसता ऊत.

कामाची वाटणी सरळ होती. आप्पा मातीत मूर्ती घडवायचे, ताई तिच्यावरून सिलिकॉनचा साचा करायची आणि धाकट्या भावाची बायको त्या साच्यात मेण ओतायची. दोन वर्षांत भावजयीचा हात असा बसला की मूर्ती गुळगुळीत निघायची. ना कुठे खळगा, ना तुटलेलं बोट. साचा आधी कोमट करायचा, मेण फार तापवायचं नाही, कडेकडेने ओतायचं, काढताना ओढाताण करायची नाही, हे सगळं ताईनेच तर शिकवलं होतं. कौतुक मात्र सगळं हिच्या पदरात!

त्यात काल जेवताना आप्पांनी कहर केला. "डोळे आता साथ देत नाहीत. ही नावाड्याची मूर्ती माझी शेवटची. साचा सूनबाईला करू द्यायचा का, ताई?"

साचा काढताना आतली मातीची मूर्ती मोडते. म्हणजे साचा एकदाच होणार, आणि तोही हिने करायचा! ताईने अर्धं ताट बाजूला सारलं. "बघू," एवढंच ती म्हणाली.

आज सकाळी भावजय दाताच्या डॉक्टरकडे गेली आणि ताई तिच्या खोलीत शिरली, काहीतरी खोट काढायचीच असं ठरवून. टेबलावर अजून साफ न केलेल्या सहा मूर्ती होत्या. सहाही सारख्याच, मांजर कुशीत घेतलेली मुलगी. ताईने एक उचलून उजेडात फिरवली. कानामागे मोहरीएवढी मेणाची पुळी! दुसरीलाही होती. ताईला इतका आनंद झाला की बाकीच्या चार तिने पाहिल्याच नाहीत. सगळ्या ट्रेमध्ये घालून आप्पांपुढे नेऊन आदळल्या.

"बघा, तुमच्या लाडक्या सुनेचं काम!"

आप्पांनी एकेक मूर्ती चाचपली. चौथीपासून त्यांचं बोट शोधेनासं झालं. थेट कानामागे जाऊ लागलं.

"ताई, डाग कुणाचा ते कसं ओळखायचं? तूच शिकवलंयस ना तिला?"

हो, तिनेच शिकवलं होतं. डाग जागा बदलत असेल तर चूक ओतणाऱ्याची. दर वेळी एकाच जागी येत असेल तर साच्याची. साच्यात हवेचा बुडबुडा राहिला की तिथे मेण भरतं आणि पुळी उठते.

तेवढ्यात भावजय आली, एक गाल सुजलेला. ट्रे बघून ती चपापली. "अगं बाई, ह्या साफ करायच्या राहिल्यात. ती पुळी मी ब्लेडने काढते, आप्पा."

"कधीपासून?" ताईने विचारलं.

"साचा झाला तेव्हापासून. आठ महिने झाले असतील."

"मग बोलली का नाहीस?"

"तुमच्या साच्याला नावं ठेवायला मी कोण, ताई? दोन मिनिटांचं तर काम."

हिने चार शब्द सुनावले असते तर भांडता तरी आलं असतं. आता चांगुलपणातही हीच वरचढ! ताईला त्याचाही हेवा वाटला.

साचा केला तो दिवस ताईला लख्ख आठवत होता. सिलिकॉन ओतण्याआधी ब्रशने पातळ थर लावायचा असतो, म्हणजे बारीक जागी हवा अडकत नाही. ती कानापर्यंत आली होती, आणि पलीकडे ही दोघं खो खो हसली. काय चाललंय ते बघायच्या घाईत तिने ब्रश टाकला आणि उरलेलं सिलिकॉन तसंच ओतून टाकलं.

"घाई केली मी," ती म्हणाली. "तुम्ही दोघं हसत होतात."

भावजय आठवू लागली. "साच्याच्या दिवशी? तुमचंच चाललं होतं, ताई. लहानपणी स्वतःच्या हाताचा साचा करायला गेलात आणि बादलीतल्या प्लास्टरमध्ये हात अडकवून बसलात, ते! रोज तुमच्याच तर गोष्टी सांगतात."

"तुझ्यासमोर सांगायची सोय आहे का?" आप्पा पुटपुटले. "लगेच तोंड फुगवतेस."

ताई आत जाऊन आपला ब्रश घेऊन आली आणि भावजयीच्या हातात ठेवला.

"नावाड्याला पहिला थर तू लाव. कानामागे नीट लाव."

आणि आप्पांच्या शेजारचं, मेण ओतताना सूनबाई बसायची ते स्टूल ओढून ती त्यावर बसली. "सांगा आता. त्या बादलीचं काय झालं?"