डाव्या चाकाचे छर्रे

माझी मालकीण कोदै हिच्या गाडीच्या चाकांचे स्टड बदलायचे ठरले, त्या दिवसापासून माझ्या अंतःकरणातील शांती नष्ट झाली. त्याआधीची एकोणीस वर्षे मी समाधानी मनुष्य होतो. सिंगानल्लूरच्या आमच्या गॅरेजात शर्यतीची कोणतीही गाडी आली, की लोक आधी म्हणत, "नाचिमुत्तूला बोलवा, त्याला ऐकू दे." मी स्क्रूड्रायव्हरचे टोक चाकाच्या तुंब्यावर, म्हणजे हबवर टेकवी, मूठ कानाला लावी आणि चाक फिरवून कोणते बेअरिंग गेले ते सांगे. माझे शिक्षण आठवीपर्यंतचे. परंतु या कानापुढे मोठमोठ्या शिकलेल्यांनी मान लवविलेली मी पाहिली आहे. कोदैच्या वडिलांच्या गाड्या मीच सांभाळल्या. ते गेल्यावर सूतगिरणी आणि शर्यतीची गाडी अशी दोन्ही ओझी तिच्या शिरावर आली, तेव्हाही ती म्हणाली होती, "गिरणी मी बघते, गाडी मामा बघतील."

पुढे इनियन आला. पॉलिटेक्निकचा पदविकाधारक, वय अठ्ठावीस, बोलणे अतिशय नम्र. त्याची ती नम्रताच मला प्रथम बोचली. उद्धट मनुष्याचा तिरस्कार करणे सोपे असते. हा मात्र सकाळी माझ्यासाठी कापीचा, म्हणजे कॉफीचा, पेला आणून ठेवी आणि मग माझ्याच गाडीखाली शिरे.

शर्यतीत गाडी स्वतः चालविणाऱ्या कोदैने आम्हा दोघांना समोर बसवून स्पष्ट सांगितले, "एका गाडीला दोन डोकी चालत नाहीत. ही शर्यत होऊ दे. मग पुढच्या मोसमात गाडीची देखभाल कुणाच्या हाती द्यायची ते मी ठरवीन. मामा, रागावू नका."

"रागावतोय कशाला, अम्मिणी," मी म्हणालो. आणि त्या रात्री जेवलो नाही.

गाडीची चाके किंचित बाहेर यावीत म्हणून हब आणि चाक यांच्यामध्ये जाड चकत्या बसवायच्या होत्या. साहजिकच चाक हबला आवळून धरणारे आट्यांचे खिळे, म्हणजे जुने स्टड, तोकडे पडणार होते. मी उक्कडमच्या बाजारात जाऊन सर्वांत कडक पोलादाचे, सर्वांत लांब, काळे चकचकीत स्टड आणले. इनियननेही आपले आणले होते. त्याचे दिसायला अगदीच सामान्य होते, हे मला नमूद करावेसे वाटते.

"अण्णा, तुमचे कडक आहेत खरे," तो माझा एक स्टड हातात घेऊन म्हणाला, "पण फार कडक ते काचेच्या जातीचं. ट्रॅकवर चाक तापतं, निवतं, कडेच्या दगडावर आपटतं. थोडं ताण खाणारं पोलाद टिकतं. तुमचं हे न सांगता-सवरता तुटतं."

"माझ्या हातचा एक स्टड आजवर तुटलेला नाही, तंबी," मी धाकट्या भावाला म्हणावे तसे म्हणालो.

"तुमच्या हाताला नाव ठेवत नाही मी. हे दात बघा फक्त." त्याने स्टडच्या मुळाशी असलेल्या दातांवर मोजमापाचा व्हर्नियर लावला. "हबच्या भोकापेक्षा हे बारीक आहेत. घट्ट बसणार नाहीत. पाना लावला की स्टड जागच्या जागी गरगर फिरेल, नट ना आत जाईल ना बाहेर येईल."

मग त्याने आपला स्टड चकतीतून आणि चाकातून ओवला आणि नट हाताने फिरवीत मोठ्याने फेरे मोजले. साडेनऊ भरले. "आठाच्या खाली आले तर गाडी ट्रॅकवर न्यायची नाही," तो म्हणाला. "आणि टोक गोल आहे, म्हणजे घाईत आटे चुकायचे नाहीत."

कोदै हसली. "मामा, तुम्ही पोरीच्या लग्नाचे दागिने निवडल्यासारखे नुसते चमकणारे आणलेत. तंबीचे घालू."

ती गमतीने बोलली. परंतु काही वाक्ये गमतीने बोलली जातात आणि शिळी होत नाहीत.

पुढच्या चाकांपैकी उजवे इनियनकडे आले, डावे माझ्याकडे. त्याने हब उतरविले आणि स्टड दाबून बसविण्यासाठी शेजारच्या लेथच्या दुकानातील प्रेसवर नेले. हब निघाले की बेअरिंगही नवे घालावे लागते. त्यात त्याचा अर्धा दिवस गेला. मी हब उतरविलेच नाही. जुने स्टड हातोड्याने मागे पाडले आणि इनियनने आणलेले नवे मागून लोखंडी कांब लावून ठोकून बसविले. प्रेसविना असे ठोकू नये, हे मीच कित्येकांना शिकविले होते. हातोड्याचा प्रत्येक घाव बेअरिंगच्या छर्ऱ्यांमधून जातो. परंतु त्या दिवशी मला केवळ त्याच्याआधी हात धुवायचे होते.

"अम्मिणी, माझं झालं," मी कोदैला म्हणालो. "पदविकावाल्याचं बारसं अजून चालू आहे का बघून ये."

ती मनापासून हसली. त्या हसण्याचा गोडवा मला दोन दिवस पुरला.

शुक्रवारी चेट्टीपाळयमच्या ट्रॅकवर सराव होता. सहा फेऱ्या मारून कोदै परतली आणि हेल्मेट काढण्यापूर्वीच म्हणाली, "मामा, गाडी घूं करतेय. वेग वाढला की वाढते. माझ्याच पायाखालून येतेय."

टायर घासून खडबडीत झाले की अगदी असाच आवाज काढतात. म्हणून इनियनने पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे केले. आवाज तसाच राहिला. तेव्हा कोदै म्हणाली, "बसा मामा शेजारी. तुम्हीच ऐका."

मी बसलो. सरळ रस्त्यावर तिने गाडी न्यूट्रल केली. इंजिन शांत झाले तरी घूं कायम होती, म्हणजे दोष चाकातच होता. पुढे उजवे वळण आले. उजवीकडे वळताना गाडीचा सगळा भार डाव्या चाकावर पडतो. घूं एकदम फुगली, जणू भुंगा माझ्या मांडीखाली कोंडला होता. डाव्या वळणावर ती जवळजवळ विझली. दुसरी फेरी घेण्याचीही आवश्यकता नव्हती. हे डावे चाक होते. माझे.

"उजवंच ना, मामा?" कोदैने विचारले. चालकाची बैठक उजवीकडे असते. बंदिस्त गाडीत आवाज चालकाला नेहमी आपल्याच बाजूचा वाटतो. हा धडा तिला लहानपणी मीच दिला होता आणि ती तो विसरली होती.

"उजवंच," मी उत्तरलो.

एकोणीस वर्षांत माझ्या कानाच्या नावाने मी बोललेले हे पहिले असत्य.

गाडी परतल्यावर इनियनने ते ऐकले आणि त्याचा चेहरा उतरला. त्याने शंका घेतली नाही. "मग नवं बेअरिंग माझ्याच हातून वाकडं बसलं असणार," तो म्हणाला, "अण्णांचा कान चुकायचा नाही." त्याच्या या विश्वासाने मला लाज वाटायला हवी होती. मला वाटला तो आनंद होता, आणि तो लपविण्यासाठी मी पाण्याची बाटली तोंडाला लावली.

शनिवारी सकाळी तो पुन्हा लेथच्या दुकानात जाऊन उजव्या चाकाचे बेअरिंग बदलून आला. काढलेले बेअरिंग त्याने माझ्यापुढे धरले.

"अण्णा, हे तर लोण्यासारखं फिरतंय."

"छर्ऱ्यांचं दुखणं डोळ्यांना दिसत नाही, तंबी."

तो माझ्याकडे जरा अधिक वेळ पाहत राहिला. मग त्याने डावी बाजू जॅकवर उचलली, एक हात स्प्रिंगवर ठेवला आणि दुसऱ्याने चाक फिरविले. खराब बेअरिंगची कुरकुर स्प्रिंगमधून हातात उतरते. ती त्याच्या हातात उतरलेली मी माझ्या खुर्चीवरून पाहिली. त्याने पुन्हा फिरविले, हब उतरविले, आणि बेअरिंग सुटे करून कड्यांवरचे ग्रीस फडक्याने पुसले. आतल्या चकचकीत वाटेवर सारख्या अंतराने खळगे पडले होते, नखाने टोचल्यासारखे. छर्रे कड्यांवर जिथे जिथे टेकले होते तिथे तिथे हातोड्याचा घाव त्यांनी लिहून ठेवला होता. असे खळगे चालण्याने पडत नाहीत, केवळ ठोकण्याने पडतात; आणि हे त्या गॅरेजात ज्यांना कळत होते ते आम्ही दोघेच होतो.

त्याने मान वर केली. आमची दृष्टादृष्ट झाली.

त्याच वेळी कोदै आप्प्यांसारख्या पणियारमची पुडी घेऊन आत आली. "काय रे, डावं का खोललंस?"

इनियनने बेअरिंग फडक्यात गुंडाळले. "अण्णाच म्हणाले होते अक्का, मन खात असलं तर डावंही बघून घे. बरं झालं बघितलं. थोडं गेलं होतं."

"बघ, मामांचा कान," कोदै म्हणाली आणि पहिले पणियारम माझ्या हातावर ठेवले.

माझ्या जिवाची त्या क्षणी काय अवस्था झाली, ती यथायोग्य शब्दांत सांगण्याचा मी प्रयत्न करतो. मला सुटल्यासारखे वाटले नाही. स्टड त्याने निवडले, प्रेस त्याची, गाडी उद्या त्याची होणार. आणि आता मोठेपणाही त्याचाच. यापुढे रोज सकाळी तो मला कापी आणून देणार, आणि त्या पेल्यात ते फडके बुडालेले असणार. माझ्याकडे स्वतःचे म्हणून एक पापच काय ते उरले होते, आणि तेही हा आपल्या खिशात घालून निघाला होता. ते मी त्याला मिळू देणार नव्हतो.

"अम्मिणी," मी म्हणालो, "तंबी खोटं बोलतोय. मी काहीही सांगितलं नव्हतं. डावे स्टड मी ठोकून बसवले, म्हणून बेअरिंग गेलं. काल गाडीत बसलो तेव्हाच मला कळलं होतं. तरी मी उजवं म्हणालो."

कोदैने हातातील पुडी खाली ठेवली. "का, मामा?"

"तू त्याचे स्टड घेतलेस म्हणून."

तिने इनियनच्या हातातील फडके घेतले, उघडले आणि खळग्यांवरून बोट फिरविले. लहानपणी मी तिला असेच बोट फिरवायला लावीत असे. "मी या गाडीत बसणार होते, मामा," ती एवढेच म्हणाली. मग माझ्या कमरेला असलेली पान्यांच्या पेटीची किल्ली तिने मागितली आणि इनियनला दिली.

ती गेल्यावर इनियन हळूच म्हणाला, "गप्प बसला असतात तर काय झालं असतं, अण्णा? मी कधी बोललो नसतो."

"ठाऊक आहे मला," मी म्हणालो. "म्हणूनच."

रविवारी शर्यत होती, पण ट्रॅकवरच्या गॅरेजांच्या रांगेत माझ्यासाठी काम नव्हते. मी तिसऱ्या वळणाच्या कुंपणापाशी जाऊन उभा राहिलो. ते उजवे वळण आहे. इनियनने डावे स्टडही प्रेसवर बसविले होते आणि नवे बेअरिंग घातले होते. गाड्यांचा घोळका आला. कोदैची गाडी चौथी होती. मी डोळे मिटले आणि हात कानामागे धरला. गाडी भार डाव्या चाकावर टाकून माझ्यासमोरून वळली. टायरांचा आवाज मला आला, इंजिनचा आला, आणि त्यांच्याखाली मी सर्व सामर्थ्यानिशी ती घूं शोधली.

ती कुठेच नव्हती. पोरगी सुखरूप होती, आणि ती घूं नव्हती याचेच मला दुःख झाले.