थेंबातलं लाल

भिंगरीच्या आईला कुणी निष्काळजी म्हणालं असतं, तर तिने त्याला घरभर फिरवून आणलं असतं. द्राक्षाच्या चार फोडी केल्याशिवाय ती लेकीच्या हातात द्राक्ष देत नसे. खालच्या सगळ्या सॉकेटांना तिने प्लास्टिकची बुचं बसवली होती. टेबलाच्या, कपाटाच्या, पलंगाच्या कोपऱ्यांना फोमचे तुकडे चिकटवले होते.

"या घरात आता टोकं फक्त माझीच उरलीत," आजी म्हणायची. "गुडघ्यांना लाव की चार फोम. एकदाच काय ते होऊन जाऊ दे."

आजी म्हणजे तिची सासू. आणि भिंगरी म्हणजे अडीच वर्षांची लेक, जिला एका जागी बसवायचं तर बांधूनच ठेवावं लागलं असतं. आई डोळ्यांत तेल घालून तिच्यावर पहारा करायची, आजी तिच्यामागे पळायची आणि बाबा संध्याकाळी येऊन दोघींना विचारायचा, "एवढंसं पोर, दोघी मिळून सांभाळता, तरी एवढ्या कशा दमता गं?"

या पहाऱ्यातून आईची सुटका म्हणजे कॅमेरा. तो नणंदेने टाकायला काढलेला, तिने मागून घेतलेला. वर्षभर तसाच पडून होता. मग कुणीतरी तिला सांगितलं, की एक स्वस्तातली धातूची गोल कडी घेऊन कॅमेऱ्याची साधीच लेन्स उलटी बसवली, तर मुंगीच्या मिशासुद्धा मोजता येतात. तिने कडी मागवली. फ्लॅशचा प्रकाश मऊ पडावा म्हणून त्याच्यापुढे आइस्क्रीमच्या डब्याचं पांढरं झाकण रबराने बांधलं. कुंडीतल्या पानांवर भिंगरीच्या औषधाच्या ड्रॉपरने पाण्याचे थेंब ठेवायचे, त्या पाण्यात ग्लिसरीन मिसळायचं, म्हणजे थेंब ओघळत नाही. झाला स्टुडिओ. कॉलेजात ती प्राणिशास्त्र शिकली होती. लग्नानंतर त्यातलं काही कामाला आलं असेल तर ते हेच.

"किड्यांचे फोटो काढतेस, माणसांचे काढ की कधी," आजी चिडवायची. "माझ्यापेक्षा तुझा तो नाकतोडा देखणा आहे का?"

"तो हलत नाही, आई. तुम्ही फोटोत बोलता."

उलट्या लेन्सचं एक असतं. तिच्यात जे स्पष्ट दिसतं ते नखाच्या जाडीएवढंच. त्याच्या पुढे धुकं, मागे धुकं. कॅमेऱ्यातलं काही फिरवून उपयोग नाही. आपणच अंग केसभर पुढे, केसभर मागे करायचं आणि श्वास रोखायचा. श्वास सोडला की चित्र गेलं. त्या वेळी कानही बंद होतात म्हणाना. जगात फक्त एक थेंब असतो.

त्या सकाळी गॅलरीतल्या गुलाबाच्या काटकीवर नाकतोड्याचं पिल्लू येऊन बसलं होतं, तांदळाच्या दाण्याएवढं, कोवळ्या हिरव्या काचेचं केल्यासारखं. तिने त्याच्या वरच्या पानाच्या कडेला ओळीने थेंब लावले आणि गॅलरीच्या टोकाला जमिनीवर फतकल मारली. समोर कुंडी, कुंडीच्या पलीकडे घरात जायचं उघडं दार, त्यातून समोरच दिसणारं बाथरूमचं दार. थेंब म्हणजेही एक भिंगच. मागे जे असेल ते त्याच्यात इवलंसं होऊन उलटं उतरतं. जाणकार लोक मागे मुद्दाम फूल धरतात, थेंबाथेंबात फूल उमलतं. तिच्याकडे फूल नव्हतं. थेंब नुसते पांढरे, रिकामे दिसत होते.

मग मधल्या थेंबात काहीतरी लाल आलं. तिला इतका आनंद झाला! ते लाल थोडं डावीकडे होतं, म्हणून ती बोटभर सरकली. ते हलत होतं, म्हणून ती थांबली. ते खाली सरकलं, स्थिर झालं, बरोबर थेंबाच्या मध्यावर आलं. तिने बटण दाबलं.

आणि धप्प आवाज आला.

भिंगरी बाथरूमच्या दाराजवळच्या स्टुलावरून पडली होती. हनुवटी उंबऱ्यावर आपटली होती. तिचा लाल फ्रॉक पुढून आणखी लाल होत चालला होता.

दवाखान्यात टाके पडले. बाबा ऑफिसातून धावत आला आणि आल्या आल्या त्याने विचारलं, "घरात होतं कोण?"

"मी अंघोळीला गेले होते रे," आजी म्हणाली. तिचे केस ओलेच होते. "हिला सांगून गेले होते, बघ गं तिच्याकडे म्हणून."

तो बायकोकडे वळला. तिच्या मांडीवर लेक हुंदके देत होती, तिच्या हाताला अजून ग्लिसरीन चिकट लागत होतं. तिला काहीच आठवत नव्हतं. म्हणजे, आठवायचा प्रयत्न तिने केलाच नाही.

"मला नाही सांगितलंत, आई."

हे ती खोटं म्हणून बोलली नव्हती. लेकीवरून नजर हलवेल अशी आई ती नव्हेच, हे तिला ठाऊक होतं; तेव्हा कुणीतरी दुसऱ्यानेच काहीतरी विसरलेलं असणार. आजीने तिच्याकडे पाहिलं. मग नातीकडे. "नसेल सांगितलं मग," ती हळूच म्हणाली. "मला वाटलं, सांगितलं."

"आई, तुझ्यावर पोर सोडायचं म्हणजे…" बाबा म्हणाला आणि त्याने वाक्य तसंच सोडलं. पुरं केलं असतं तर बरं झालं असतं.

त्यानंतर घरात सगळ्यांची नजर आजीवर बसली. चष्मा सापडला नाही, की बाबा भुवया उंचावायचा. दूध उतू गेलं, की तो बायकोकडे बघायचा. दूध याआधी कधी उतू गेलंच नव्हतं जणू! पण सगळ्यात जास्त नजर होती ती आजीची स्वतःवर. ती बाथरूमचं दार लोटून अंघोळ करू लागली. आत जाण्याआधी सुनेच्या समोर येऊन उभी राहायची, तोंडाकडे बघून म्हणायची, "मी जातेय हं. ऐकलंस ना? तोंडाने हो म्हण."

"हो, आई."

आणि आत गेल्यावर पुन्हा हाक यायची, "सांगितलं ना गं मी?"

भिंगरी हात वर करून "आजी, घे" म्हणाली, की आजी तिला घेईनाशी झाली. शेजारी बसून गोष्ट सांगायची, पण उचलायची नाही. "आईकडे जा हं, राणी. आई घेईल."

तो फोटो तोवर चार लोकांत पोचलासुद्धा होता. छंदिष्ट लोकांचा एक ग्रुप होता, त्यात तिने तो टाकला होता, फोनवर छोटासाच. वाहवा झाली. 'थेंबातलं लाल फूल लाजवाब!' असं एकाने लिहिलं. 'कोणतं फूल?' असं दुसरीने विचारलं. लाल दिसतंय म्हणजे शेजारच्या गॅलरीतली जास्वंद असणार, असं तिने गृहीत धरलं. 'जास्वंद,' तिने उत्तर दिलं. मग ग्रुप चालवणाऱ्या काकांनी प्रदर्शनासाठी मोठी फाइल मागितली, म्हणून एका दुपारी भिंगरी झोपल्यावर तिने फोटो कॉम्प्युटरवर उघडला आणि धूळबीळ दिसते का बघायला वाढवत नेला.

नाकतोड्याचा डोळा पडदाभर झाला. त्याच्या वरच्या पानावरचा थेंब मोठा झाला. थेंबात दाराची चौकट उलटी टांगलेली होती. चौकटीत स्टूल. स्टुलावर, पाय वर आणि डोकं खाली, तिची लेक उभी होती. एक हात बाथरूमच्या कडीकडे ताणलेला. शेजारच्या थेंबातही तीच. त्याच्या शेजारच्या थेंबातही.

जास्वंद कसली! शेजारची गॅलरी तर तिच्या पाठीमागे होती.

ती लेकीकडे बघतच होती. समोर तोंड करून, श्वास रोखून, बघत होती. लेक स्टुलाकडे गेली तेव्हा थेंबात लाल आलं. ती चढत होती तेव्हा ते हललं. ती चवड्यांवर उभी राहिली तेव्हा ते स्थिर झालं. आणि आई थांबली होती, ते मध्यावर यावं म्हणून.

मग तिला तो आवाजही आठवला. घरातून आलेला, पाण्याखालून आल्यासारखा. "बघ गं तिच्याकडे, मी पटकन अंघोळ करून येते." आणि आपलंच उत्तर, ओठ न उघडता दिलेलं. "हं."

तिने कॉम्प्युटर बंद केला. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आत बाथरूममधून पाण्याचा आवाज येत होता, दार लोटलेलंच होतं. उठून त्या दाराशी जायचं आणि दोन वाक्यं बोलायची, एवढंच होतं. तिने काकांना कळवलं, फाइल खराब झाली. बाकी सगळं मुगासारखं गिळलं.

उद्या सांगू, असं ती रोज म्हणायची. सकाळी आजीचा चेहरा बघितला की जीभ रेटायची नाही. एकदा तर बोलायला तोंड उघडलं आणि बाहेर पडलं काय, तर "आई, चहा घेणार?" आणि एकदा बाबा जेवताना म्हणाला, "मेंदूच्या डॉक्टरला दाखवून घेऊ आईला. या गोष्टी लवकर कळलेल्या बऱ्या," तेव्हा तिने मान हलवली. पोळीकडे बघत मान हलवली. त्या मानेची लाज तिला फोटोपेक्षा जास्त वाटली.

डॉक्टरीणबाई बोलायला मऊ होत्या. त्यांनी आजीला वार विचारला, महिना विचारला, घड्याळाचं चित्र काढायला लावलं.

"किती वाजलेले दाखवू?" आजीने विचारलं. "माझ्या घड्याळात बारा वाजलेत, पण ते बरं दिसणार नाही."

डॉक्टरीणबाई हसल्या. शब्द सांगून, मध्ये दुसरंच काही बोलून, पुन्हा विचारले. आजीने ते आले तसे परत दिले. शेवटी त्यांनी कागद बाजूला ठेवला. "आजी, यात तर काही नाही. तुम्हाला असं का वाटायला लागलं?"

आजीने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "नातीला एकटं सोडून गेले मी. हनुवटी फुटली तिची. आणि मला अगदी स्पष्ट आठवतं हो, मी हिला सांगून गेले. शब्द आठवतात, ही कुठे बसली होती ते आठवतं. हिने हं म्हटलेलं आठवतं. आणि ते घडलंच नाही! न घडलेलं एवढं स्पष्ट आठवायला लागलं, तर मग उरलेल्या आठवणींचं काय? मला माझ्या लग्नाचीसुद्धा शंका यायला लागलीय."

डॉक्टरीणबाईंनी सुनेकडे पाहिलं. "त्यांनी सांगितलं नव्हतं ना?"

खोलीत पंखा फिरत होता. आजी तिच्याकडे बघत नव्हती. उत्तर तिला पाठ होतं.

"सांगितलं होतं," सून म्हणाली.

"काय?"

"आईंनी सांगितलं होतं. मी हं म्हटलं होतं."

बाहेरच्या बाकावर दोघी बसल्या तेव्हा आजीने हात पुढे केला. सुनेने तोवर सगळं सांगून टाकलं होतं, थेंबासकट. "दाखव."

तिने फोनवर फोटो मोठा केला. आजीने चष्मा पुसला, फोन जवळ नेला, लांब नेला.

"उलटी आहे."

"थेंबात उलटंच दिसतं, आई."

"कडी काढत होती. माझ्याकडे यायला." आजी बराच वेळ बघत राहिली. "आणि तू बघत होतीस."

"मला फूल वाटलं. नुसता रंग दिसत होता, आई."

"फूल." आजीने तो शब्द चावून पाहिल्यासारखा उच्चारला. "आणि कळलं कधी तुला?"

तिने औषधांच्या खिडकीकडे पाहिलं.

"आज नाही कळलं. कधी?"

"बरेच दिवस झाले."

"म्हणजे मी दार लोटून अंघोळ करत होते, तेव्हा."

"हो."

आजी हसली नाही, रडली नाही, नशिबाला बोलही लावला नाही. यातलं काहीही चाललं असतं. "फोटो चांगला आलाय," ती म्हणाली.

"मी पुसून टाकते तो."

"खबरदार! माझं डोकं ठिकाणावर असल्याचा तेवढाच पुरावा आहे." तिने फोन परत केला. "आणि हे तूच त्याला सांगायचंस. मी सांगायला गेले तर तो म्हणेल, बघा, आईला पुन्हा काहीतरी आठवायला लागलं."

तेवढ्यात भिंगरीला बाहेर खेळवत थांबलेला बाबा आला. भिंगरी त्याच्या हातातून निसटली आणि सगळा व्हरांडा पळत येऊन आजीच्या गुडघ्यांना भिडली. हात वर. "आजी, घे!"

आजीचे हात मांडीवरून उचलले गेले आणि परत मांडीवर आले. तिने सुनेकडे पाहिलं. त्या बघण्यात परवानगी मागणं नव्हतं. ती वाट बघत होती.

"भिंगरी, आजीला त्रास नको देऊ, इकडे ये," बाबा म्हणाला. मग आवाज खाली आणून बायकोला, "काय म्हणाल्या डॉक्टर?"

"आईंना काही झालेलं नाही."

"अगं पण मग ते…"

"त्यांनी मला सांगितलं होतं."

"काय सांगितलं होतं? कधी?"

बाकावरच्या एका बाईने मासिक खाली केलं. भिंगरी आजीचा पदर ओढत होती. नवऱ्याला काही समजलं नव्हतं. त्याने आईकडे काळजीने पाहिलं, जसा तो हल्ली बघायचा तसा. तो चुकीच्या माणसाकडे बघत होता, आणि त्याची नजर तिथून हलवायची तर आता हळू बोलून भागणार नव्हतं.

"माझ्याकडे बघ," ती म्हणाली, एवढ्या मोठ्याने की औषधांच्या खिडकीतल्या माणसानेही मान वर केली. "त्या दिवशी मी गॅलरीत बसले होते. भिंगरी माझ्या समोर होती." आणि तिने पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.