तान रोमानाचं डुक्कर

गावातली म्हातारी तान रोमाना वारली आणि गोरिओ डोकं धरून बसला.

"रडू येतंय का?" बायकोनं, लोलेनं विचारलं.

"डुक्कर आठवतंय."

बावीस वर्षांपूर्वी पोरीच्या लग्नात गोरिओचा खिसा फाटका होता. न मागता म्हातारीनं अख्खं डुक्कर धाडलं. गावच्या रीतीनं ते फेडायचं तिच्या घरच्या कार्यात. पण तिची पोरं गेली कॅलिफोर्नियाला. लग्नं, बाप्तिस्मे सगळं तिकडंच उरकलं. इथं गुआममधलं तिचं दफन हेच पहिलं आणि शेवटचं कार्य. आणि तिच्या लेकीनं, बर्निसनं, चर्चच्या दारावर कागद डकवलेला: आहेर नको, जेवण आणू नका, केटररला सांगितलंय.

"म्हणजे डुक्कर मानगुटीवर घेऊनच मरू?"

"मरा. वर दारातच उभी असेल ती."

दफनाच्या दिवशी गोरिओनं पहाटेपासून डुक्कर भाजलं, पांढरा एप्रन बांधला, लाल टोपी चढवली आणि गाडी थेट हॉलच्या मागच्या दाराला लावली.

दारात बर्निस. "केटरिंगवाले ना? पण डुक्कर कुठं सांगितलं होतं मी?"

"ऑर्डरीवर फुकट आहे, मॅडम."

बर्निसनं टोपीकडं पाहिलं, मग बाजूला झाली.

तिनं ऐंशी माणसांचं सांगितलं होतं. पण इनालाहान गावात माणसं मोजतं कोण? दफन आटोपून अडीचशे आली. केटररचे ट्रे अर्ध्या रांगेतच खरवडले गेले, बर्निसचा चेहरा पांढराफटक. गोरिओनं सुरा परजला. "या, या! कातडी बघा कशी कुरकुरीत!" तेवढ्यात मागून लाल भाताची दोन पातेली आली. पातेल्यांमागं लोले. डोक्यावर लाल टोपी.

सगळे जेवले. गोरिओ हळूच सटकत होता, तर बर्निसनं गाठलं आणि हातात फॉइलचं पुडकं कोंबलं.

"तुन गोरिओ," गावात थोरांना मारतात तशी हाक मारून ती म्हणाली, "घरी न्या."

"ओळखलंस होय!"

"आई दर फोनवर सांगायची, गोरिओचं डुक्कर यायचंय, त्याला अडवू नकोस. कागद लावताना विसरले. पण केटररच्या टोप्या निळ्या आहेत. आणि त्यांच्यातलं कुणी डोळे पुसत नव्हतं." तिनं मोठा श्वास सोडला. "आज तुम्ही नसता, तर आईनं मलाच वरून झोडपलं असतं."

गोरिओ गाडीत बसला. मान डावीकडं वळवली, उजवीकडं वळवली. हलकी. मस्त हलकी. पुडकं उघडून त्यानं कातडीचा तुकडा तोंडात टाकला.

"लोले, आता मी खुशाल मरायला मोकळा."

"आधी पातेली घासा."