राबातली टिटवी

भिमाजीने कासरा ओढला तसे बैल जागीच थांबले. फाळापुढे चार हातांवर, राबाच्या काळ्या राखेत चार मातकट अंडी होती, आणि टिटवी डोक्यावर घिरट्या घालत गाव गोळा होईल अशी ओरडत होती.

"थांबलास का रं?" बांधावरून हिंदुराव म्हणाले. वावर त्यांचं शेजारचं, पण दुसऱ्याच्या कामावर देखरेख करायची भारी हौस. "रोहिणी निघालीया. बी कधी झाकायचं?"

"अंडी हायत, तात्या."

"मग? टिटवीपायी पेरा थांबवतंय व्हय कुनी? अपशकुनी पाखरू ते!"

भिमाजीने वर टिटवीकडे पाहिलं. त्या पाखराचं घर त्यानेच जाळलं होतं.

भाताच्या रोपासाठी वाफ्यावर शेण आणि पालापाचोळा पसरून भाजायचा, तो राब. राब सकाळी, वारा पडलेला असतानाच भाजायचा, हे पुनावळ्यातलं शेंबडं पोरही सांगेल. पण भिमाजी देहूरोडच्या डेपोत पहारेकरी. त्या आठवड्यात त्याची सकाळची पाळी होती, म्हणून घरी आल्यावर त्याने भर दुपारीच काडी ओढली. वाऱ्याने जाळ उचलला आणि दिवस मावळायच्या आत वरचा गवताळ माळ काळाठिक्कर पडला. तित्तर, लावे, टिटव्या वाट फुटेल तिकडे उडाल्या. वणवा काय, दरसाल लागतोच, असं म्हणून गावाने विषय सोडला. भिमाजीला मात्र घास गोड लागेना. दुसऱ्या दिवशी माळावर खडकाच्या आडोशाला त्याला भाजलेली अंडी दिसली होती.

त्याने नांगर वळवला. अंड्यांभोवती चटईएवढी जागा सोडून बाकीचा वाफा पेरला.

घरी बायकोचा, गोजाबाईचा, पट्टा सुरू झाला. "मूठभर रोप घालवलं पाखरापायी! आन् ती बया दिसभर किंचाळती, त्ये ऐकायचं मी."

पाळीवरून आला की भिमाजी बांधावर जाऊन बसे. नर-मादी आळीपाळीने अंड्यांवर बसत. ऊन तापलं की एक जण ओढ्यात पोट भिजवून येई आणि ओल्या पिसांनी अंडी थंड करी. हे त्याने पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्याला स्वतःचीच लाज वाटली. एवढ्याशा पाखराला ऊन कळतं, आणि आपल्याला वारा कळला नाही!

मग एका दुपारी तो डेपोच्या फाटकावर असताना वळीव आला, तोही गारांचा. पत्र्यावर गारा ताडताड वाजत होत्या आणि भिमाजीला पाळी सुटेपर्यंत तिथून हलता येत नव्हतं. सुटल्यावर तो चिखल तुडवत थेट वावरात गेला.

त्या चटईएवढ्या जागेवर गेल्या साली लावणीला पावसात पांघरलेलं पानांचं इरलं पालथं घातलेलं होतं, आणि त्याच्या कडांवर चार दगड. टिटवी बांधावर ओरडत होती. भिमाजीने इरलं उचललं. चारही अंडी धड होती. तो दहा पावलं मागे सरला, तोच टिटवी तुरुतुरु येऊन अंड्यांवर बसली.

घरी गोजाबाई चुलीपुढे ओले केस शेकत होती. गारेने कपाळावर टेंगूळ आलेलं.

"इरलं वाऱ्यानं उडालं," न विचारताच ती म्हणाली.

"आन् दगडं? ती बी वाऱ्यानंच ठिवली व्हय?"

"गप जेवा," ती म्हणाली. भिमाजीला हसू आलं, आणि त्या दिवशी तो पोटभर जेवला.

मृगात तीन पिल्लं निघाली आणि आईमागून काड्यांसारख्या पायांनी ओढ्याकडे गेली. चौथं अंडं तसंच राहिलं. भिमाजीने ते तिथल्याच राखेत पुरलं. हिरव्यागार रोपात तेवढा काळा चौकोन लावणीपर्यंत दिसत राहिला.

पुढच्या उन्हाळ्यात भिमाजी दोन दिवसांची रजा मागायला डेपोच्या कारकुनापुढे जाऊन उभा राहिला. नोकरी लागल्यापासून त्याने एकही रजा घेतली नव्हती.

"कारण काय लिहू?" कारकुनाने विचारलं. "आजारी? लग्नकार्य?"

"राब भाजायचाय, साहेब."

"त्याला दोन दिवस कशाला? काडी तर ओढायची."

"काडी वढायला न्हाई लागत," भिमाजी म्हणाला. "वारा पडायची वाट बघाया लागती."