डोक्याकडची खुंटी

ओळंब्याने डोक्याकडची खुंटी तिसऱ्यांदा उपटली आणि हातात धरून तसाच उभा राहिला.

"अरे, लाव ना एकदाची कुठेतरी," फावड्याच्या दांड्यावर हनुवटी टेकून, मदतीला आलेला त्याचा दोस्त सुतार म्हणाला. "चार वाजता माणसं येतील. तोवर काय खुंटी घेऊन मिरवणार आहेस?"

ओळंब्याचं खरं नाव चर्चच्या मंडळीत आता फारसं कुणाला आठवत नसे. त्याने खणलेल्या कबरीच्या बाजू इतक्या सरळ खाली उतरत, की कुणा गवंड्याने त्याला आपल्या वजन बांधलेल्या दोरीचं, ओळंब्याचं, नाव ठेवलं. स्वभावही तसाच, रेषेला जराही ढळायचा नाही, म्हणून ते चिकटलं. कबरींवरून चालल्याबद्दल त्याने एकदा खुद्द पाळकसाहेबांना सुनावलं होतं.

आणि आज हा माणूस दोन खुंट्या आणि एक दोरी घेऊन सकाळपासून अडला होता. खड्डा बायकोसाठी खणायचा होता. ती काल दुपारी गेली.

एवढ्या वर्षांत त्याला हा प्रश्न कधी पडला नव्हता. डोकं पश्चिमेला, पाय पूर्वेला. न्यायाच्या दिवशी प्रभू पूर्वेकडून येईल, मेलेले उठून उभे राहतील, तेव्हा त्यांची तोंडं त्याच्याकडे असली पाहिजेत. हे त्याच्या बापाने त्याला शिकवलं होतं आणि उद्या सूर्य उगवेल यावर ठेवावा तितका त्याचा त्यावर विश्वास होता. उलटे पुरायचे ते फक्त पाळक, म्हणजे उठल्याबरोबर त्यांना आपली मंडळी समोर दिसेल. आणि ज्यांची नावं मंडळीच्या यादीतून काढली गेली, ते पश्चिमेच्या भिंतीलगत, भिंतीला समांतर, आडवे. त्यांना घंटा नाही, प्रार्थना नाही, पाळक नाही. उठतील तेव्हा त्यांची तोंडं कुणाकडेच नसतील.

भिंतीलगतचा शेवटचा ढीग ओळंब्याच्या मुलाचा होता.

पोरगा सरळ होता, बापावर गेला होता. एका रविवारी भर उपासनेत उठून म्हणाला, "माझा यावर विश्वास नाही. खोटं खोटं इथे बसण्यापेक्षा मी जातो." गेला तो परत आला नाही. दोन वर्षांनी तापाने मेला. पाळकसाहेब तेव्हा घरी येऊन बसले होते. काहीतरी मार्ग काढू या, असं ते चाचरत म्हणाले. ओळंब्याने मान वर न करता सांगितलं, "लोकांची पोरं मी माझ्या हाताने भिंतीशी पुरलीत. माझ्या पोराला वेगळा न्याय नको."

बायको दाराआड उभी होती. तिने ऐकलं.

पोराला मातीत ठेवायला तो आणि सुतार, दोघंच गेले होते. घरी आल्यावर बायकोने पाण्याचा तांब्या पुढे केला.

"कसा ठेवलात त्याला?"

"नियमाप्रमाणे."

तिने तांब्या खाली ठेवला. पुढची चार वर्षं ती जेवायला वाढत होती, सदऱ्याची बटणं लावत होती, मीठ संपलं, दार वाजतंय, एवढं बोलत होती. त्याला मात्र पुन्हा कधी काही विचारलं नाही.

गेल्या आठवड्यात, अंथरुणाला खिळल्यावर, तिने त्याला हाक मारली.

"अहो, मला उलटं ठेवा."

"उलटं म्हणजे?"

"भिंतीकडे तोंड करून."

"काहीतरीच काय बोलतेस! न्यायाच्या दिवशी प्रभूकडे पाठ करून उभी राहणार?"

"प्रभू मला पाठीवरूनही ओळखेल." तिला धाप लागली, तरी ती थांबली नाही. "सगळी मंडळी तिकडे बघत असेल हो. हा भिंतीशी एकटाच उठेल, बावरेल. झोपेतून उठला की आधी मला शोधायचा, आठवतं ना? मी दिसले नाही की भोकाड पसरायचा."

ओळंब्याने तोंड उघडलं होतं. पण तेवढ्यात पाळकसाहेब प्रभुभोजन घेऊन आत आले, आणि ते राहिलं.

"ए, ऐकतोस का?" सुताराने आता फावडं बाजूला ठेवलं. "वहिनींना सांगितलं होतंस की नाही शेवटी?"

ओळंब्याने मान हलवली.

"नाही? अरे देवा. चार वर्षं तुझ्या कानीकपाळी ओरडतोय!"

"काल सांगणार होतो."

काल सकाळी दुसऱ्या एका म्हातारीची कबर खणायची होती. निघताना तो दारात थांबला, म्हणाला, "आल्यावर तुला एक सांगायचंय." ती उशीवरून म्हणाली, "मग सांगा ना आत्ताच." कितीतरी दिवसांनी तिच्या आवाजात थोडी उत्सुकता होती. "आल्यावर सांगतो, निवांत," तो म्हणाला. त्या परक्या म्हातारीच्या खड्ड्याच्या बाजू त्याने नेहमीसारख्याच तासून सरळ केल्या. तो घरी आला तेव्हा शेजारणीने तिचे डोळे मिटवले होते.

ओळंबा वाकला आणि खुंटी पूर्वेच्या बाजूला ठोकली. एकदा नाही, चार-पाच वेळा ठोकली, पुन्हा उपटायचा मोह नको म्हणून.

चार वाजता पेटी आली. खांदेकऱ्यांनी सवयीने पाय पूर्वेकडे घेतले.

"फिरवा," ओळंबा म्हणाला.

"काय?"

"डोकं पूर्वेला. फिरवा."

माणसं पेटी घेऊन जागच्या जागी घोटाळली. मंडळीतले एक वडीलधारे पुढे आले. "अरे, असं फक्त पाळकांना पुरतात. तूच सांगायचास ना आम्हाला?"

"सांगायचो."

"मग?"

"तिचाही कळप होता," ओळंबा म्हणाला. "एकाच मेंढराचा."

पाळकसाहेबांनी पश्चिमेच्या भिंतीकडे बघितलं, मग पुस्तक उघडलं, आणि खड्ड्याला वळसा घालून पूर्वेच्या बाजूला, तिच्या डोक्याशी जाऊन उभे राहिले. खांदेकऱ्यांनी पेटी फिरवली. प्रार्थना झाली. माती लोटली. ओळंबा रडला नाही. बायका आपसात कुजबुजल्या, की काळीज आहे की दगड.

शेवटचं आमेन झालं तशी लोकांची चुळबुळ सुरू झाली. ओळंब्याने फावडं उचललं आणि तो भिंतीकडे चालू लागला. मुलाच्या कबरीपाशी थांबला, सदऱ्याच्या बाह्या वर केल्या आणि भिंतीलगतचा तो लांब ढीग सपासप खाली ओढायला लागला.

"अरे, अरे! डोकं फिरलं का याचं? धरा त्याला!"

"कुणी धरायचं नाही," सुतार म्हणाला आणि आपलं फावडं घेऊन त्याच्या शेजारी गेला.

पाळकसाहेब पुढे आले. "काय करतोस हे?"

"हा ढीग खोटा आहे, साहेब," ओळंबा म्हणाला. त्याचे हात थांबले नव्हते. "खाली पोरगा असा आडवा नाही. डोकं भिंतीशी आहे. पाय इकडे, या वाटेखाली. पूर्वेला. मी तसाच ठेवलाय त्याला. सगळ्यांसारखा."

"आणि वरचा ढीग?"

"तुम्हाला दाखवायला."

वडीलधारे काही बोलणार होते. पाळकसाहेबांनी हात वर केला आणि ते गप्प बसले.

पोराला पुरलं त्या दिवशी त्याने आणि सुताराने भिंतीला काटकोनात खड्डा खणला होता. वर माती मात्र नियमाप्रमाणे, भिंतीलगत लांब ओढली होती. बायकोला सांगितलं असतं तर तिचा आनंद तिच्या तोंडावर मावला नसता. दोन दिवसांत चार जणींना कळलं असतं, आणि मग मंडळीने पोराला उकरून फिरवायला लावलं असतं, तेही ओळंब्याच्याच हातांनी. म्हणून तो गप्प बसला. तिचा अबोला सोसत राहिला, आणि हे आपण पोराच्या तारणासाठी सोसतोय असं स्वतःला सांगत राहिला. खरं तर तो भ्यायलाही होता. ओळंबा तिरका निघाला असं कुणी म्हणू नये, याचीही त्याला तेवढीच धास्ती होती.

नवा ढीग वाट अडवून उभा राहिला. पोराच्या पायांकडे शेवटच्या रांगेत आईचा ओला ढीग होता. ती जागा ओळंब्यानेच चार वर्षांपूर्वी मागून घेतली होती. एवढी सेवा करून मागची रांग का, असं तेव्हा सगळ्यांनी विचारलं होतं. तो भिंतीशी गेला, एक डोळा मिटून त्याने नजर लावली. दोन्ही ढीग एका रेषेत होते, बोटभरसुद्धा फरक नव्हता.

"समोरासमोर आहेत," सुतार हळूच म्हणाला. "तो उठेल तेव्हा शोधायला नको. वहिनी पुढ्यातच असतील."

ओळंब्याने मान डोलावली. मग त्याच्या हातातलं फावडं गळून पडलं आणि तो वाटेवरच बसला. लोक बघत होते. मुलाच्या वेळी, बायकोच्या वेळी जे आलं नव्हतं ते सगळं आता एकदम आलं.

"अरे, झालं ना सगळं नीट," सुतार त्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाला. "तिच्या मनासारखंच झालं. आता रडतोस कशाला?"

"तिला कुठे माहितेय?" ओळंबा म्हणाला. "आता त्या दिवसापर्यंत तिला कळायचं नाही. आल्यावर सांगतो म्हणालो होतो रे तिला."