कच्च्या बाहीचा कोट

"हात वर करू नकोस, बाही निघून येईल," म्हणत वडिलांनी दातांनी दोरा तोडला. सुई लेकीनंच ओवून दिली होती. हल्ली त्यांना सुईचं नेढं दिसत नसे.

कोट अजून कच्च्या टाक्यांवर होता. दोनदा अंगावर घालून बघितल्याशिवाय पक्की शिलाई मारायची नाही, हा त्यांचा नेम. पण उद्याची मुलाखत बँकेनं सकाळी फोन करून आजवर आणली, आणि नेम मशीनवरच राहिला.

लेक शिकली वनस्पतिशास्त्र, आणि निघाली होती कंपन्यांच्या खरेदी-विक्रीचे सौदे जुळवणाऱ्या बँकेत. "पानं मोजता मोजता बाईला पैसे मोजायची हौस आली," मावशीनं टोमणा मारला होता. वर्षभर मशीनच्या खडखडाटात ती ताळेबंद वाचायला शिकली. अर्ज जात राहिले, नकार येत राहिले. आत बोलावणारी ही पहिलीच बँक.

मुलाखत घेणाऱ्या बाई मोठ्या हुद्द्यावरच्या, मोजकं बोलणाऱ्या. त्यांनी एका औषध कंपनीचे आकडे दिले आणि तिची किंमत फळ्यावर काढून दाखवायला सांगितली. कोपर अंगाशी घट्ट धरून ती फळ्याच्या अगदी खालच्या कडेला लिहू लागली.

"वर लिहा. दिसत नाही."

हात वर गेला. खांद्याशी टर्र झालं आणि बाही कोपरापर्यंत उतरली. पांढरे दोरे लोंबू लागले. बाईंशेजारच्या तरुण साहेबाला हसू आवरेना. तिचे कान तापले, पण हात खाली आला नाही. एका ओळीशी मात्र ती अडली. हे मला अजून येत नाही, असं सांगून तिनं पेन ठेवलं.

"असा कोट घालून आलात?" बाईंनी विचारलं.

"माझे वडील शिंपी आहेत. आधी कच्चे टाके घालून बघतात, कुठे ओढतंय, कुठे ढिलं पडतंय." तिनं उतरलेली बाही खांद्याकडे ओढली. "तुम्हीही आज माझं तेच बघताय ना, मॅडम?"

बाई हसल्या नाहीत. उठल्या, अडलेली ओळ स्वतः पुरी केली आणि पेन तिच्या हातात परत दिलं. "हे असं असतं. सोमवारपासून या. सहा महिने उमेदवारी, पुढचं पुढे."

दुकानात लोंबती बाही बघून वडिलांनी कपाळाला हात लावला. मग तिनं सगळं सांगितलं. ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

"म्हणजे अजून कच्चंच की," ते म्हणाले.

"हो. पण अंगाला बसतंय असं मॅडमना वाटलं, बाबा."

"मग सरळ उभी राहा."

सोमवारी पक्क्या शिलाईचा तोच कोट घालून ती निघाली. जाण्याआधी खिडकीच्या उजेडात बसून तिनं वडिलांच्या सुया टोचायच्या गादीवरच्या सगळ्या सुया एकेक करून ओवून ठेवल्या होत्या. काळ्या दोऱ्याच्या एका बाजूला, पांढऱ्याच्या दुसऱ्या.